तिसऱ्या पानावरची ओळ

मु. भोंगवली
मार्गशीर्ष वद्य पंचमी, सोमवार, शके १८६३

तीर्थस्वरूप ठकुआक्कास, धाकटा भाऊ ज्ञानू याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. हितं आमी सगळी खुशाल हाओत. तुझी खुशाली या खेपेला तुझ्याच अक्षरात कळली.

आक्का, तुझ्या हातचं पत्र! पोस्टमननं हातात दिलं तवा वाटलं, कुणा शाळकरी पोराचं चुकून आलं. अक्षरं रेघ सोडून गड चढाय निघालीत, पण एकूण एक लागलं. धोंडाला म्या दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणती, "वन्सं या वयात शिकल्या, आन तुमी लहानपणी शिकून काय दिवे लावले?" मास्तरांच्या सौदामिनीबाईंना माझा नमस्कार सांग. भर दुपारी देवळात बायांना बसवून पाटी गिरवून घेती म्हणजे बाई धीराची.

हिकडं ज्वारी बरी हाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझं तांदळाचं पोतं पोचलं. आंबेमोहर शिजला की शेजारीण भिंतीवरनं विचारती, "ठकुबाईचा का?" धोंडा ताठ होऊन "व्हय" म्हणती. म्या औंदा त्यातला घास खाल्ला न्हाई. पोट बरं न्हाई म्हणून सांगितलंय.

आता मुद्द्याला येतो. यायला पायजे.

तू लिवलंस की तुझा दीर सावळाराम वारल्यापास्नं त्याचा पोरगा चिमाजी ओढ्याकडचं खाचर मागतोय. काकीला खाचर दिल्याचा कागद दावा म्हणतोय. आन तू त्याला म्हणालीस, हाय की कोर्टाचा कागद, पौष पौर्णिमेला पाच माणसांत मी सोता वाचून दावते. आक्का, तेवढं करू नको. कागद कणगीतल्या डब्यातच असू दे. अकरा वर्सांची घडी हाय, उलगडली तर फाटंल.

हे खोटं हाय. फाटायची मला काय भीती न्हाई. तू वाचशील याची हाय.

तुला आठवतंय, दाजी गेल्यावर तू लावलेल्या पोटगीच्या दाव्याचा भोरला निकाल लागला त्या दिवशी आपण तिघं कोर्टात उभी होतो. तू, मी आन सावळाराम. साहेब वाचत होता. "ठकुबाईस हयातीपर्यंत राहत्या घराच्या दोन खोल्या व ओढ्याकडील भाताचे खाचर." तू माझा दंड एवढा आवळलास की बोटं उठली. साहेब तसंच बोलला, ते खरं हाय. पण साहेब बोलला म्हणून कोर्टाचं काम संपत न्हाई. साहेबाच्या निकालावरनं मागनं कारकून हुकूमनामा उतरवतो. तो दोन्ही बाजूंना दावतात, "वाचला, बरोबर" म्हणून सह्या घेतात, मग शिक्का. शिक्का बसला की पुढं जो कुणी विचारंल त्याला तोच कागद दावायचा. तोंडाचं कुणी ऐकत न्हाई.

तुझा मुखत्यार मी होतो. सही मला करायची होती. पंधरा दिवसांनी बोलावलं, चार पानं पुढ्यात ठेवली. आन मला त्या दिवशी आंबवड्याला जायचं होतं, धोंडाला बघायला. नवा पटका बांधलेला, मामा बाहेर बैलगाडी जुंपून हाका मारतोय. पहिलं पान वाचलं. चौथ्या पानावर सही ठोकली. कारकून म्हणाला, "वाचलंत ना सगळं?" मी म्हणालो, "व्हय व्हय."

मग शिक्क्याची नक्कल घेऊन तुझ्याकडं गुंजवण्याला आलो. तू अंगणात घोंगडी टाकलेली, सगळी वाडी गोळा. सावळाराम उंबऱ्यावर बसलेला. मी मोठ्यानं वाचाय लागलो. तिसऱ्या पानावर खोल्या आल्या. खाचर आलंच न्हाई. कारकुनाच्या हातनं ती ओळ राहून गेलेली. माझी जीभ एवढीशी अडखळली बघ. तू तोंडाकडं बघत होतीस. साहेबाचं वाक्य मला पाठ होतं, तेच म्हटलं. कागदावर जणू लिवलंय असं बोट फिरवत म्हटलं.

सावळाराम मान खाली घालून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं खाचरातनं आपला नांगर उचलून नेला. तू माझ्या हातावर गूळ ठेवलास आन म्हणालीस, "माझा भाऊ शिकला म्हणून मी जगले." त्या गुळाची चव अजून तोंडात हाय, आन ती कडू हाय.

त्याच आठवड्यात कोर्टात जाऊन सांगायचं होतं. लाज वाटली. मग लगीन झालं, मग पेरणी. पुढच्या सालाला तुझा तांदूळ आला आन म्या मनाशी म्हटलं, कुणी विचारत न्हाई तर उकरायचं कशाला? अकरा वर्सं तू त्या चिखलात पाठ मोडून लावणी केलीस, माझ्या नुसत्या आवाजाच्या भरवशावर. लई मोठं पाप केलं म्या, आक्का. सावळाराम भला म्हणून निभलं. आता चिमाजीनं ती नक्कल बघितली तर तुझं खाचर जाईल, वर तू खोटी ठरशील. खोटा मी हाय.

शनिवारी भोरला आपल्या वकिलांकडं गेलो. ते आता म्हातारे झालेत, पण असे ओरडले की पक्षकार उठून बाहेर गेले. मग दप्तरातनं साहेबाचं मूळ निकालपत्र काढून बघून आले. आक्का, त्यात खाचर हाय! लिवलेलं हाय, साहेबाच्या हातचं. वकील म्हणाले, असली उतरवायची चूक कोर्ट किती का वर्सांनी दुरुस्त करू शकतं. पण अर्ज तुझा पायजे, आन म्या न वाचता सही केली हे शपथेवर लिवून द्याय पायजे. चिमाजीला नोटीस जाईल. तो भांडंल. होईल का न्हाई, ते वकीलही छातीवर हात ठेवून सांगत न्हाईत.

माझं शपथेवरचं लिवून झालंय. गुरुवारी तुझ्याकडं येतो. पौर्णिमेला पाच माणसांत मीच उभा राहीन आन अंगणातला सगळा प्रकार सांगीन. त्यांना काय म्हणायचं ते मला म्हणू देत. तू दारात घेतलं न्हाईस तर देवळात थांबीन, पण येणार.

अर्ज संगं आणतोय. वकिलांनी खाली तुझ्या अंगठ्याला जागा सोडलीय. अंगठा देऊ नको, आता तुला नाव लिवता येतं. पण नाव घालायच्या आधी अर्ज सगळा वाच, बोट ठेवून, सगळी पानं. अडलं तर सौदामिनीबाईंना विचार. मी वाचून दावणार न्हाई, आन दावाय लागलो तर ऐकू नको.

हे पत्र वरपास्नं खालपर्यंत वाचलं, आन मगच सही करतोय.

तुझा अपराधी
ज्ञानू