कुंकू लावलेला फर्मा

प्रिय सुमती,

तुझ्या दरबारात एक गंभीर तक्रार दाखल करतो आहे. शेजारच्या ज्ञानबांची मांजर (तुझी लाडकी!) परवापरवापर्यंत रोज आपल्या फडताळातली साय फस्त करायची आणि वर माझ्याकडे असं पाहायची, जणू चोर मीच! फडताळाला दारं नव्हती, नुसता तुझा पडदा. म्हणजे मार्जारकुळाला आग्रहाचं निमंत्रणच की!

पण आज लिहायला बसलो तो आनंदानं. आपली मालती सोमवारपासून पिंपरीच्या नव्या कंपनीत कामाला जाणार! ज्ञानबा कुंपणावरून म्हणाले, "गुरुजी, पोरीला कारखान्यात धाडताय व्हय? लोकं बोलत्याल." मी म्हटलं, "बोलू देत." म्हटलं आणि तडक घरात शिरलो!

आता सोमवारपासून मी शाळेत, ती कंपनीत, मांजरीला हाकलायला घरी कुणीच नाही. म्हणून तिनंच फडताळाला दारं बसवायचं काढलं. बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्या तुला कधी आवडल्या नाहीत ना? तिनं पुण्याहून दाराच्या पोटात दडणाऱ्या पितळी बिजागऱ्या आणल्या. भोकं सगळी एका मापात पडावीत म्हणून फळकुटाचा फर्माही केला. तो दारावर धरायचा, त्याच्या भोकातून गिरमिट फिरवायचं, झालं!

खंडेनवमीला हत्यारांबरोबर मी त्या फर्म्यालाही हळदकुंकू वाहिलं. तिथेच घोटाळा झाला. डावं दार उत्तम साधलं. उजव्यासाठी फर्मा पालथा धरायला हवा होता. पण कुंकवाची बाजू खाली कशी करायची? तसाच धरला मी. दोन्ही दारं डावी!

मालती हसत सुटली. "अप्पा, देवालाही कूस बदलू द्या की!"

"अगं, शास्त्रात..."

"शास्त्रात उजवं दार आहे का?"

तू असतीस, तर तोंडाला पदर लावून तिचीच बाजू घेतली असतीस.

तिनं चुकलेल्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या, फर्मा पालथा धरून नव्यानं भोकं पाडली. आणि काय सांगू! बोटानं ढकललं की दोन्ही दारं मिटतात. मधे फट नाही, कुरकुर नाही, बिजागरीचा पत्ता नाही! मी उगाचच उघडून मिटत बसलो होतो. शेवटी तीच ओरडली, "अप्पा, पुरे!"

एक वचन देतो. ती कामावरून आली की "आज काय झालं?" एवढंच विचारीन, आणि तिचं सांगून होईपर्यंत मध्ये एकही श्लोक घालणार नाही.

खरं सांगू? लोक मला काय म्हणतील, याची धास्ती नाही. पण कुणी तिला टोचून बोललं, तर तुला तिनं लगेच सांगितलं असतं. मला सांगेल का ती?

तुझाच,
विनायक