तिसरी तुळई

डब्लिन, ओहायो
९ नोव्हेंबर २००६

प्रिय चारुदत्त,

परवा मंगळवारी सकाळी देवाला फूल वाहिलं, डबा घेतला आणि तू यायच्या तासभर आधी लॅब उघडली. मधोमध पोलादी पट्टी घालून बोल्टांनी आवळलेली आपली तिसरी लाकडी तुळई अजून कोपऱ्यातच पडून होती. ती पुन्हा मशीनवर चढवली. कॉम्प्युटरवरचं आपलं मॉडेल म्हणतं, एवढ्या वजनाला ती अर्धा इंच वाकेल. वाकली पाऊण इंच. उन्हाळ्यातही तेवढीच वाकली होती.

तेव्हा तू म्हणालास, एक्या, मॉडेल बरोबर आहे, तुळईच बिघडलेली आहे. तुळई ठणठणीत होती. पहिल्या दोन तुळयांत पट्टी गोंदाने चिकटवलेली होती, हिच्यात नुसते बोल्ट. माझे वडील सुतार. बोल्टचं भोक किंचित सैल पाडावं लागतं, हे मला चौथीत ठाऊक होतं. तेवढ्या फटीपुरतं लाकूड एकटंच वाकतं, पट्टी मागून कामाला लागते. मॉडेलमध्ये मात्र आपण लाकूड आणि पट्टी एकजीव धरली. हे मीटिंगमध्ये सांगितलं, तर तू म्हणालास, आमचे एकनाथमहाराज आता रंधा घेऊन मॉडेलिंग शिकवणार. सगळे हसले. मीही हसलो. रिपोर्टात दोनच तुळया राहिल्या आणि तुझ्या सहीखाली मी सही केली.

का केली, ते तुला माहीत आहे. मला या देशात तू आणलंस. पहिला हिवाळा तुझ्या घरी काढला, सुलेखावहिनींच्या हातचं जेवलो. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. त्याची गरजच नव्हती, मी विसरणारा नाही हे तू ओळखून होतास.

आणि आता त्याच रिपोर्टावर आपल्या मंदिराच्या नव्या हॉलच्या तुळया ठरल्या. त्यांनाही नुसते बोल्टच. मोडणार नाहीत, असं तू म्हणतोस. नाही मोडणार. पण जानेवारीत छपरावर बर्फ साचेल, छत खाली झुकेल, त्याला तडे जातील, आणि डोळे मिटून आरती म्हणणाऱ्या माणसांत मी एकटा वर बघत उभा राहीन. तसं उभं राहणं मला जमणार नाही.

आज दुपारी तिसऱ्या तुळईचे आकडे मंदिराच्या कमिटीला आणि बिल्डिंग परवाना देणाऱ्या ऑफिसला पाठवले. उद्या तुला फोन येतील. त्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवून जातो आहे. खाली माझा राजीनामा आहे. रिपोर्टावरची माझी सही मी मागे घेतली. तुझ्या सहीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. ती तुझी तू बघ.

इतकी वर्षं तुझाच,
एकनाथ