चार दिवस न घेतलेली गोळी

आई, आज मला तुझीच गोळी लिहून दिली. हृदयाचे ठोके सावकाश करणारी, बीपी आवरणारी, तीच बीटा ब्लॉकर. इथल्या बालाघाटच्याच दवाखान्यात. डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, थकवा येईल, हातपाय गार पडतील, कधी विचित्र स्वप्नं पडतील. "तकलीफ हो तो आइए, डोस कम करेंगे या दवा बदल देंगे. पर अपने मन से एकदम बंद मत करना, दिल पर उलटा असर होता है." दोन मिनिटं लागली तिला. तुझ्यासाठी कुणाकडे दोन मिनिटं नव्हती?

तुझ्या पहिल्या अटॅकनंतर तुझ्या डॉक्टरांनी चिठ्ठी फाडून हातात दिली, "चालू रखो" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बस, एवढंच. तू सकाळच्या बसने परसवाड्याच्या शाळेत शिकवायला जायचीस. गोळी सुरू झाली आणि तू जिन्यात मधेच बसायला लागलीस. "पायाले गोटे बांधल्यावानी वाटते वो मले," म्हणायचीस. एक दिवस खुर्चीत तुझा डोळा लागला आणि हेडमास्तर भर वर्गात म्हणाले, "मैडम, सोना है तो घर पर सोइए." त्या संध्याकाळी तू ओट्याशी उभी आहेस, चहा उतू चाललाय, तुझं लक्ष नाही. "मी आळशी नाई. इतक्या वर्षांत कधी बसून शिकवलं नाई मी." त्याच दिवशी तू गोळी सोडलीस. कुणाला विचारलं नाहीस. विचारणार तरी कुणाला होतीस?

पाचव्या दिवशी फळ्यापाशीच छातीत कळ आली. जीपमधून बालाघाटला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि तोच डॉक्टर बाबांना दरडावतो, "गोली क्यों छोड़ी?" जसा काही गुन्हा तू केला होतास! बाबा मान खाली घालून उभे. मी तेव्हा गप्प राहिले, त्याची चीड अजून जात नाही. गोळी तर तुला सांभाळत होती, आई. ती सांभाळतेय हे सांगायला एका माणसाचं तोंड उघडलं नाही.

हे सगळं त्या डॉक्टरला ऐकवायचं होतं, पण तोही आता नाही. म्हणून तुला लिहितेय. पाठवायचं कुठे, ते माहीत नाही.

एक राहिलंच. तिसऱ्या दिवशी तू अंगणात शेजारच्या पोरींबरोबर लंगडी खेळलीस. मी विचारलं, "बरं वाटते?" "हौ. गोळी सोडली ना मी. तुह्या बाबाले सांगू नको." मी बारावीत होते, लहान नव्हते. नाही सांगितलं. मला तू तशीच हवी होतीस.