डिस्कवरचं पॉलिश

रविवार, संध्याकाळ

म्हणे दादा शास्त्रज्ञ! बाबांच्या जुन्या अँबेसेडरचे पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, इथपर्यंत ठीक. पण जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात चमकाव्यात म्हणून डिस्कना मेणाचं पॉलिश चोळलं? ब्रेकला पॉलिश! आज अलीगंजच्या चौकात गाडी थांबेचना. शेजारी त्याची सहा वर्षांची लेक, चिमी. शेवटी भिंतीला घासत गाडी कशीबशी थांबली.

मेकॅनिक भैयानं डिस्कवर बोट फिरवून ते हुंगलं. "साहब, ये चमकाया किसने?"

तर हा पठ्ठ्या म्हणतो, "पॅड ही नकली हैं." निर्लज्ज!

मी मात्र तोंड उघडलं नाही. पॉलिशचा डबा माझा. कशाला हवाय, हे त्यानं सांगितलं होतं. फजिती बघू, म्हणून मी हसत दिला होता.