सर्वांत लांबच्या फवाऱ्याखालची खोली

तीर्थस्वरूप दाजींना शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच). ताईचे गुडघे कसे आहेत? तुमचा दमा? कापूस पिंजताना नाकाला फडकं बांधता ना? मी ठीक आहे, म्हणजे जेवतो. फक्त घास घेताना नजर वर छताकडे जाते.

कारण सांगतो, पण आधी माझं काम समजून घ्या. (ताई सगळ्यांना सांगते, मी नळ बसवतो. असो.) इमारतीत आग लागली की छतातले फवारे आपोआप सुटतात, त्या पाण्याला किती जोर हवा, हे मी काढतो. हा हिशोब उलटा चालतो. सर्वांत वरच्या, सर्वांत लांबच्या फवाऱ्याला पोटभर पाणी मिळालं पाहिजे असं आधी धरायचं. मग नळानळाने, वळणावळणाने, जिथे जिथे जोर खर्ची पडतो तो मिळवत खाली पंपापर्यंत यायचं. पंगतीच्या टोकाला बसलेल्याचा विचार आधी. मला हे देवाघरचं गणित वाटतं.

तुम्ही राहायला जाणार त्या नव्या इमारतीचं गणित माझंच. परवा पंप बघायला तळघरात उतरलो. पायरीगणिक एक नाम घ्यायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. पंप दिसला तेव्हा चाळीस नामं झाली होती, आणि तिथेच माझी चूक मला कळली. दाजी, मी उंची उंबऱ्यापासून मोजली होती! आमच्या शाळेला एकच मजला. उंची म्हणजे जमिनीपासून वर, एवढंच गुरुजींनी शिकवलं. चाळीस पायऱ्या म्हणजे सात मीटर. तेवढा जादा चढ चढून पाणी दमणार, आणि शेवटच्या फवाऱ्यातून असं पडणार की आगीला वाटावं, कुणीतरी शिंकलं. (चाचणी झाली, पण ती खालच्या मजल्यावर. उत्तम झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.)

आठवड्याभरात माणसं राहायला येतील. नकाशावर सही माझी. साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल. न सांगितलं तर झोप, आणि ती परवाच गेली. सर्वांत वरची, टोकाची खोली कुणाची, ते तुम्हाला माहीत आहे. ‘शांत आहे, घ्या’ असं मीच म्हणालो होतो. तिथे तुम्ही छतापर्यंत गाद्या रचणार.

ताईला यातलं काही सांगू नका.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : साहेबांना लिहिलेली कबुली सोबतच्या पाकिटात आहे. माझ्या हातून दिली जाणार नाही. तुमचं दुकान त्यांच्या वाटेवर आहे; तेवढी पोचवा. पत्र खरं तर याचसाठी.

ता. क. २ : पाकीट रिकामं निघेल, घाबरू नका. बंद करताना लाज वाटली (माणूस दम्याचा, आणि त्याच्यावर माझा चढ), म्हणून मीच देऊन आलो. साहेबांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, पंप बदलू. नोकरीचं काही बोलले नाहीत. फक्त विचारलं, “टोकाची खोली कुणाची?”

“बहिणीच्या यजमानांची.”

“आणि परक्याची असती तर?”

दाजी, मी छताकडे बघितलं.

पंप बदलेपर्यंत गाद्या खालीच ठेवा. आणि तुमच्या शेजारच्या खोलीत कोण येणार आहे, ते विचारून कळवा. मला त्यांनाही एक पत्र लिहायचं आहे.