थोरल्या दादाला ‘बस कर’

जोंजूहून,
चुसोक सण तोंडावर

चि. हे-वॉन हिला ओक-बुन मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तब्येत बरी आहे ना? वेळेवर जेवतेस ना? (तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद पुढ्यात घेतला.) इकडे माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक. झोप मात्र उडालीय, पण तो दोष गुडघ्यांचा नाही, शाळेचा आहे.

ऑनलाइन छळाविरुद्ध उभं राहायला मुलांना शिकवा, म्हणून आमच्यासारख्या निवृत्त बायांना शाळाशाळांत पाठवतात. मी लाल कोट घालून गेले (तोच, जो तुला भडक वाटतो). भाषण झाल्यावर विचारलं, असं इथे कुणाच्या बाबतीत घडलंय का? तर मागच्या बाकावरून दा-ओन नावाची काडीसारखी पोरगी उठली. मुलं तिला ग्रुपमध्ये घालतात, तिच्या फोटोवरून टिंगल करतात आणि ती बाहेर पडली की पुन्हा आत ओढतात. बाकीचे वाचतात आणि गप्प बसतात. अगं, मी सुन्न झाले! बाहेर पडलेल्या पोरीला पुन्हा आत ओढायचं? ही पोरं आहेत की राक्षस? मी टेबलावर हात आपटून सांगितलं, गप्प बसणाराही त्यातलाच. एकाने तरी ‘बस कर, तिला जाऊ दे’ असं लिहायलाच हवं.

इथेच थांबले असते तर बरं होतं. पण चांगला ग्रुप कसा असतो ते दाखवायची मला हौस. फोन मोठ्या पडद्याला जोडला आणि आपला घरचा ग्रुप उघडला. तुझा बालवाडीतला, नाक वाहतानाचा फोटो भिंतभर पसरला. त्याखाली तुझ्या मोठ्या मामाचा, म्हणजे आमच्या थोरल्या दादाचा प्रश्न, की ही घोडनवरी यंदाच्या चुसोकलाही एकटीच येणार का. त्याखाली सगळ्यांची खदाखदा हसणारी तोंडं. आणि मग, हे-वॉन बाहेर पडली. ओक-बुनने हे-वॉनला आत घेतलं. हे-वॉन बाहेर पडली. ओक-बुनने हे-वॉनला आत घेतलं. पडदा संपेपर्यंत तेच.

दा-ओनने हळूच विचारलं, “आजी, ही ओक-बुन कोण हो?”

मी म्हटलं, अगं, ही घरची माणसं, मायेने करतात. “आमच्याकडचेही गंमत म्हणूनच करतात,” असं म्हणत ती पुढे आली आणि माझ्याच फोनवर लिहून मोकळी झाली, ‘बस कर. तिला जाऊ दे.’ थोरल्या दादाला! माझ्या नावाने! ज्याचा मान राखायला मी या वयातही त्याच्यासमोर तोंड बाजूला वळवून पेला ओठाला लावते, त्याला! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. असा मेसेज लगेच पुसता येतो, बोट तिथवर गेलंही होतं. पण सगळा वर्ग त्या बोटाकडे बघत होता. नाही पुसला. (संध्याकाळी दा-ओनच्या ग्रुपमध्ये पाच-सहा मुलांनी तेच लिहिलं, असं तिच्या बाईंनी कळवलं. मी रडले.)

घरात मात्र भूकंप झालाय. दादा म्हणतो, ओक-बुनला वेड लागलं. वहिनीने माझा लग्नातला, डोळे मिटलेला फोटो टाकलाय, आणि सगळे हसताहेत. फार लागतं गं ते. तुला इतके दिवस कसं वाटत असेल, ते आत्ता कळतंय.

तुझी,
ओक-बुन मावशी

ता. क. चुसोकला येच, असा आग्रह नाही. सणाचे सोंगप्योन लाडू पोस्टाने पाठवीन.

ता. क. २. खरं काम राहूनच गेलं. काल मी ग्रुप सोडला. दादाने आत ओढलं. पुन्हा सोडला, पुन्हा ओढलं. कायमचं बाहेर पडायचं बटण कुठे असतं गं? फोन करून सांगशील? मी लग्नाचं काढणार नाही. नुसतं ऐकेन.