डबा ओळखणारा माइक

२४ ऑगस्ट, रविवार

मावशी तोंडावर नाही म्हणाली. तिची गाणी रेकॉर्ड करायला टॅब समोर धरून बसले होते, तर म्हणे, "भुलाबाई बसल्याशिवाय तिचे गाने म्हनत नसतात, अनू. तुले मायीत नाई का?"

माहीत आहे. पण तिच्या गळ्यातल्या गाठीला कोण सांगणार? नऊ ऑक्टोबरला अकोल्याला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आवाज जाईलच असं नाही, पण आहे तसाच राहील हेही सांगता येत नाही. भुलाबाई भाद्रपदातल्या पौर्णिमेला बसते, कोजागिरीला जाते. म्हणजे सात सप्टेंबर ते सहा ऑक्टोबर. हातात तेवढाच महिना आहे.

मोताळ्याहून खामगावला येईपर्यंत बसमध्ये डोक्यात दुसरं काही नव्हतं.

२६ ऑगस्ट

हे सगळं कशासाठी करतेय ते एकदा लिहूनच टाकते, नाहीतर भार्गवी म्हणते तसं "आईला नवीन खूळ लागलंय" एवढंच उरेल.

आईचा आवाज माझ्याकडे नाही. कुठंच नाही. चार वर्षं झाली तिला जाऊन. फोटो ढीगभर. माझ्या लग्नाची कॅसेट आहे, त्यात ती दोनदा बोलते — ओठ हलताना दिसतात अन् वर सनई चिकटवलेली. त्या फोटोग्राफरला काय बोलावं आता.

मावशीचा आवाज हुबेहूब आईसारखा. बाबा फोनवर फसायचे. मावशीलाच विचारायचे, "भाजी कोनती केली?" अन् ती गुमान सांगायची.

दोघी बहिणी भुलाबाईपुढं बसल्या की मावशीनं गाण्यात विचारायचं, आईनं गाण्यातच उत्तर द्यायचं. मी मधोमध. आई म्हणायची, "तुहा आवाज जाडा हाये, तू टाळ्याच वाजव." अजून टाळ्याच वाजवते. आई गेल्यापासून दोन्ही बाजू मावशी एकटी म्हणते.

३० ऑगस्ट

भार्गवीनं पुण्याहून यादी पाठवली. इंटरफेस, कंडेन्सर, पॉप फिल्टर, स्टँड. मी फोन केला — अगं, मला बसनं जायचंय, मांडीवर मावेल असं सांग. ती म्हणे, "आई, पोर्टेबलच आहे ते." तिनं खामगाव–मोताळा बस पाहिलेली नाही बहुतेक. म्हणजे पाहिली आहे, विसरली आहे.

साउंडवाला सागर जास्त कामाचा निघाला. शाळेच्या गॅदरिंगला येतो तोच, मी तिथंच ऑफिसात असते म्हणून ओळख. "म्याडम, एकेक घेऊन जा, वापरून पाहा. जमलं ते ठेवा, बाकीचं वापस करा."

७ सप्टेंबर, रविवार

भुलाबाई बसली. मावशीच्या कोनाड्यात मातीचे भुलोजी-भुलाबाई, मधे गणपती. आळीतल्या पाच-सहा पोरी होत्या. पूर्वी तीस असायच्या.

टॅबच्याच माइकवर घेऊन पाहिलं. गाणं बरं आलं. पण शेवटी खिरापत ओळखायची असते ना — झाकलेला डबा कानाशी हलवायचा अन् आत काय ते सगळ्यांनी सांगायचं — ते ऐकलं तर डबा गायब! टाळ्याही गायब. टॅबला वाटलं ही कटकट आहे, त्यानं आपल्या मनानं पुसून टाकली.

मावशी म्हणे, "असं कसं व तुहं यंत्र? खिरापतीचा आवाज येत नाई तं मंग त्याले काय ऐकू येते?"

बरोबर बोलली. आता परीक्षा हीच. डब्यात काय आहे ते मावशीला न सांगता रेकॉर्ड करायचं, मग तिला ऐकवायचं. ज्या माइकवर ती ओळखेल तो माइक आपला. ती डबा कधीच चुकत नाही. लहानपणी आई आम्हाला फसवायला मुरमुऱ्यांत एकच बत्तासा टाकायची, तोसुद्धा मावशीनं ओळखलेला.

१३ सप्टेंबर

पदराला चिमटा लावायचा बिनवायरीचा माइक. एवढासा, पर्समध्ये मावतो. मला फार आवडला. पण मावशी टाळी दिल्याशिवाय गात नाही, अन् टाळी दिली की बांगड्या बरोबर माइकपुढं. गाणं कमी, बांगड्या जास्त. बांगड्या काढ म्हणायची माझी हिंमत नाही.

वरून बिनवायरीचे हेडफोन. तिनं कानाला लावले, दोन ओळी म्हटल्या अन् मागं वळून पाहिलं. "माह्या मांगून कोन बोलून राह्यलं?" तिचाच आवाज, जरासा उशिरा पोचणारा. मी इतकी हसले की तीही हसायला लागली, मग खोकला लागला. मग हसू थांबलं.

डबा: "रेवड्या." होते शेंगदाणे. नापास.

१५ सप्टेंबर

आज पितृपक्षातली नवमी. दादाकडे आईचं पान वाढलं. कावळा लगेच आला. आईनं कधी कोणाला ताटकळत ठेवलं नाही.

२१ सप्टेंबर

भार्गवीच्या यादीतला इंटरफेस — माइक टॅबला जोडायची पेटी — अन् मोठा माइक. वायरींची पिशवी वेगळी, नांदुऱ्याला कंडक्टरनं विचारलं, "ताई, ऑर्केस्ट्रा हाय का कुठं?"

आवाज मात्र काय सुरेख. मावशी श्वास घेते तोसुद्धा. पण शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, बकरी, पंख्याची कुरकुर — सगळं तितकंच सुरेख. पंखा बंद केला तर मावशीला घाम. अन् टॅबला भोक एकच. त्यात इंटरफेस लावला की चार्जर लावता येत नाही, आणि इंटरफेस टॅबचीच बॅटरी पितो. चौथ्या गाण्याला टॅब बंद पडला.

डबा: "फुटाने." फुटाणेच होते. मी टाळी वाजवली. पण बंद पडणारं काय कामाचं?

मावशीचा आवाज आज थोडा घोगरा वाटला. भार्गवीला नाही सांगितलं.

२८ सप्टेंबर

सापडला!

टॅबच्या त्या एकाच भोकात थेट बसणारा छोटा माइक, दोन बाजूंना दोन कान असलेला. सागरच्या खोक्यात तळाशी पडून होता. वेगळा करंट लागत नाही. टॅब पालथ्या पातेल्यावर, पातेलं दुमडलेल्या सतरंजीवर. मावशीपासून हातभर लांब. टॅब आधी पूर्ण चार्ज. ऐकायला साधे वायरवाले हेडफोन. सगळं एका कापडी पिशवीत.

मावशीनं डोळे मिटून ऐकलं. "खोबऱ्याचे काप. अन् खडीसाखर. खडीसाखर थोडीच हाय, कंजूस पोट्टे."

पास. मला रडूच आलं. मावशी म्हणे, "काऊन व, खडीसाखर संपली म्हनून?"

६ ऑक्टोबर, कोजागिरी

झालं. ज्वारीच्या पाच ताटांचा मांडव, पोरी बसलेल्या, उजेड होता तोवरच सुरुवात केली. सोळा गाणी. मावशी सरळ बसून गायली, मधे फक्त पाणी.

पण सातव्या गाण्यात तिला ठसका लागला. आईच्या बाजूच्या चार ओळी होत्या. पोरींना येत नाहीत. गाणं मधेच तुटू द्यायचं नसतं, मावशीनं हातानं खूण केली — म्हण. मी म्हटल्या. चाळीस वर्षं टाळ्या वाजवणारी बाई नेमकी त्या दिवशी गायली. आईची जागा मीच खराब केली.

भार्गवी म्हणते कापता येतं. कापेन. घरी येऊन बाकीचं ऐकलं, ते सातवं पुढं ढकललं. स्वतःचा जाडा आवाज ऐकायची ताकद नव्हती.

९ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आवाज नाही — नुसता वारा. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मावशी घरी आली. तिला हेडफोन लावून सगळं ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होती. सातव्या गाण्यात तिनं एकदम माझं मनगट धरलं. ओठांवर वाकून ऐकावं लागलं.

"बाई गाऊन राह्यली."

बाई म्हणजे आई. ती आईला बाईच म्हणायची. मी म्हटलं, मावशी, तुला ठसका लागला होता, ती मी आहे.

तिनं मान हलवली. "मी जलमभर तिच्यासंगं गायली. मले नोको सांगू." अन् हेडफोन काढून माझ्या कानाला लावले.

मी म्हटलेल्या त्याच चार ओळी. आईच होती.